विटेपासून व्हर्च्युअल माणसापर्यंत : फ्रँक गिलब्रेथ

मेकॅनिकल आणि प्रॉडक्शनवाल्यांची 'थर्ब्लिग' या शब्दाशी ओळख बहुधा व्हायव्हाच्या आदल्या रात्री होते. सर्च, ग्रास्प, ट्रान्सपोर्ट लोडेड, पोझिशन... अशी सतरा-अठरा नावं घोकायची, सकाळी एक्स्टर्नलसमोर ओकायची आणि दुपारी मेसमध्ये ताट हातात येईपर्यंत विसरून जायची, हा आपल्याकडचा शिरस्ता! पण हा शब्द आला कुठून, हे फारसं कुणी विचारत नाही. तो ग्रीक नाही आणि लॅटिनही नाही. एका माणसाने स्वतःचं आडनाव उलटं लिहिलं, त्यातली 'टी-एच' ही जोडी तेवढी तशीच ठेवली आणि झाला थर्ब्लिग! त्या माणसाचं आडनाव गिलब्रेथ. फ्रँक बंकर गिलब्रेथ.

आज मोठ्या कारखान्यांत नवी असेंब्ली लाइन उभी करण्याआधी ती कॉम्प्युटरवर उभी करतात. मशीन, कन्व्हेयर, रॅक सगळं तिथे असतंच, पण त्यांच्यासोबत एक माणूसही असतो, कॉम्प्युटरमधला. तो वाकतो, हात लांबवतो, नट घट्ट करतो, खोकं उचलतो. त्याचा हात बोल्टपर्यंत पोचतो का, वाकल्यावर त्याच्या कमरेवर किती ताण येतो, एका कामाला त्याला किती सेकंद लागतात, हे सगळं सॉफ्टवेअर सांगतं. याला व्हर्च्युअल ह्यूमन सिम्युलेशन म्हणतात. या कॉम्प्युटरी माणसाचा वंशवृक्ष शोधत मागे गेलं, तर आपण पोचतो एका गवंड्यापाशी. आणि गंमत म्हणजे, इंजिनिअरिंग कॉलेजची पायरी विद्यार्थी म्हणून तो कधी चढलाच नाही.

गवंड्याच्या हाताखाली

फ्रँकचा जन्म ७ जुलै १८६८ चा, अमेरिकेतल्या मेन राज्यात फेअरफिल्ड या गावी. वडिलांचं हार्डवेअरचं दुकान होतं. फ्रँक तीन वर्षांचा असतानाच वडील गेले. आई मार्था मुलांना घेऊन आधी अँडोव्हरला आणि मग बोस्टनला आली आणि तिने बोर्डिंग हाउस चालवून घर सावरलं. मुलगा हुशार होता, एमआयटीत जाण्याची तयारीही झाली होती. पण १८८५ साली, सतरा वर्षांच्या फ्रँकने कॉलेजऐवजी काम पत्करलं. ओळखीच्या एका बांधकाम कंत्राटदाराकडे तो गवंडीकाम शिकायला लागला.

पहिल्याच दिवसांत त्याला एक विचित्र गोष्ट दिसली. शिकवणारा गवंडी शिकवताना एका पद्धतीने वीट लावायचा. सावकाश काम करताना त्याची पद्धत वेगळी आणि घाईत काम उरकायचं असलं की आणखी वेगळी! म्हणजे एकाच माणसाच्या तीन पद्धती. आणि शेजारचा गवंडी या तिन्हींपेक्षा चौथ्याच तऱ्हेने काम करणार. वीट लावण्याचं काम तर माणूस हजारो वर्षं करतोय. मग यातली चांगली पद्धत कुठली, हे आजवर कुणीच कसं ठरवलं नाही? या प्रश्नाने फ्रँकला जे पछाडलं, ते शेवटपर्यंत सोडलं नाही.

त्याने एकेक हालचाल मोजायला सुरुवात केली. एक वीट लावायला गवंडी साधारण १८ हालचाली करत होता. यातली सगळ्यात महागडी हालचाल कुठली? वाकण्याची! विटा पायाशी पडलेल्या, माल पायाशी आणि भिंत कमरेच्या वर. दोन-सव्वादोन किलोची वीट उचलायला साठ-सत्तर किलोचं स्वतःचं शरीर खाली न्यायचं आणि पुन्हा वर आणायचं. दिवसाला हजार वेळा. आपल्या गावात घर बांधताना हे दृश्य आपण सगळ्यांनीच पाहिलंय, फक्त हिशोब कधी केला नाही.

फ्रँकने उपाय काढला तो अगदी साधा. त्याने भिंतीबरोबर वर सरकवता येणारी परांची बनवली. तिच्यावर विटा आणि माल ठेवायला कमरेच्या उंचीचं फळकूट. वाकणं संपलं! मग बिगाऱ्यांकडून विटा आधीच निवडून, चांगली कड वर येईल अशा रचून घेतल्या. त्यामुळे प्रत्येक वीट हातात फिरवून बघण्याचा गवंड्याचा वेळ वाचला. माल इतका योग्य घट्टपणाचा ठेवला की वीट हाताने दाबली तरी बसावी, थापीने ठोकण्याची गरज नको. डाव्या हाताने वीट उचलतानाच उजव्या हातातली थापी माल घेणार, म्हणजे दोन्ही हात एकाच वेळी कामात. १८ हालचालींच्या जागी उरल्या ५. फ्रेडरिक टेलरने १९११ साली आपल्या पुस्तकात या प्रयोगाची नोंद केली आहे. जुन्या पद्धतीने माणशी तासाला सुमारे १२० विटा लागत, नव्या पद्धतीने ३५० लागल्या.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. गवंड्याला कुणी जास्त पळवलं नव्हतं. त्याच्या वाट्याचा फुकटचा त्रास फक्त काढून टाकला होता.

१८९५ साली फ्रँकने स्वतःची बांधकाम कंपनी काढली. झपाट्याने काम पूर्ण करणारा कंत्राटदार म्हणून त्याचं नाव झालं. ज्या एमआयटीत तो शिकायला गेला नाही, तिथली लॉवेल लॅबोरेटरीची इमारत याच कंत्राटदाराने विक्रमी वेळात उभी करून दिली!

लिलियन

१९ ऑक्टोबर १९०४ रोजी फ्रँकचं लग्न झालं लिलियन मोलर हिच्याशी. ती कॅलिफोर्नियाची, बर्कलेला साहित्य शिकलेली. इथून पुढे फ्रँकचं चरित्र एकट्याचं राहत नाही. लिलियन मानसशास्त्राकडे वळली आणि १९१५ साली तिने ब्राउन विद्यापीठाची पीएचडी मिळवली, तीही घरात लेकरांचा गोतावळा असताना. या जोडप्याला बारा मुलं झाली. त्यातली मेरी ही मुलगी १९१२ साली घटसर्पाने गेली.

१९१४ साली लिलियनचं व्यवस्थापनाच्या मानसशास्त्रावरचं पुस्तक निघालं तेव्हा त्यावर नुसती आद्याक्षरं छापली गेली. लेखक बाई आहे हे वाचकाला कळू नये, असा प्रकाशकाचा हिशोब! पण फ्रँकला या बाईची किंमत पुरती ठाऊक होती. तो हालचाल पाहायचा आणि ती हालचाल करणारा माणूस पाहायची. थकवा, कंटाळा, कामातला आनंद या गोष्टी इंजिनिअरिंगच्या कागदावर आल्या त्यात लिलियनचा वाटा फार मोठा आहे.

मुलांनी पुढे लिहिलेल्या 'चीपर बाय द डझन' (१९४८) या पुस्तकात बापाचे एकेक नमुने आहेत. शर्टावरच्या जाकिटाची बटणं तो खालून वर लावायचा, कारण वरून खाली लावायला जास्त सेकंद लागतात. एकदा त्याने वेळ वाचवायला दोन हातांत दोन वस्तरे घेऊन दाढी करून पाहिली. पाऊण मिनिट वाचलं खरं, पण कापलेल्या गळ्याला पट्टी बांधण्यात दोन मिनिटं गेली. प्रयोग बंद! घरातल्या मुलांना टाइपरायटर शिकवताना त्याने कळांवरची अक्षरंच झाकून टाकली आणि प्रत्येक बोटाला एक रंग ठरवून दिला. अक्षर डोळ्यांनी शोधायचं नाही, बोटाला सवय लावायची, हे त्याचं प्रशिक्षणाचं सूत्र.

प्रकाशाची रेघ आणि तारेचा हात

१९१२ साली फ्रँकने बांधकामाचा धंदा मागे टाकला आणि कुटुंब प्रॉव्हिडन्सला हलवलं. तिथल्या न्यू इंग्लंड बट कंपनीत वेणी विणण्याची यंत्रं जोडली जात. फ्रँकने कारखान्यातच एक खोली प्रयोगशाळेसारखी सजवली. मागे चौकटींची आखणी केलेला पडदा, समोर सिनेमाचा कॅमेरा आणि कामगाराच्या शेजारी एक भलं मोठं, भरभर काटा फिरणारं घड्याळ. फिल्मच्या प्रत्येक चित्रात हात कुठे आहे आणि घड्याळ किती वाजल्याचं दाखवतंय, दोन्ही एकदमच टिपलं जाई. यालाच मायक्रोमोशन स्टडी म्हणतात. आधी एक माणूस दिवसाला १८ यंत्रं जोडत असे, नव्या पद्धतीने ६६ जोडू लागला आणि थकवा मात्र वाढला नाही, असं गिलब्रेथ दांपत्याने लिहून ठेवलं आहे.

पण फिल्म सपाट. हात तर तिन्ही दिशांना फिरतो. मग फ्रँकने काय केलं? कामगाराच्या बोटाला विजेचा छोटासा दिवा बांधला आणि कॅमेऱ्याचं झाकण बराच वेळ उघडं ठेवलं. फोटोत कामगार पुसट दिसे, पण त्याच्या बोटाने हवेत काढलेली वाट प्रकाशाच्या रेघेसारखी उमटे. हा सायक्लग्राफ. मग दिवा ठरावीक वेगाने चालू-बंद होईल अशी व्यवस्था केली. आता रेघेच्या जागी ठिपके आले. ठिपके जवळजवळ असले की हात सावकाश, लांब-लांब असले की वेगात. ठिपक्याचं एक टोक टोकदार असल्याने हात कुठल्या दिशेने चालला आहे तेही कळे. हा क्रोनोसायक्लग्राफ. दोन भिंगांच्या कॅमेऱ्याने फोटो घेतला की खोलीही मिळायची. वेळ, वेग, दिशा आणि जागा सगळं एका फोटोत! आज मोशन कॅप्चरच्या स्टुडिओत अंगावर चकाकणारे ठिपके लावून जे करतात, त्याचं हे आजोबांचं रूप म्हणता येईल.

याच्याही पुढची पायरी मला सगळ्यात आवडते. फोटोतली ती वाट फ्रँकने तारेने वाकवून प्रत्यक्ष बनवली आणि लाकडी बैठकीवर बसवली. नवशिक्या आणि तरबेज कामगार या दोघांच्या हालचालींच्या तारा शेजारी ठेवल्या की फरक आंधळ्यालाही कळावा. एक तार गुंतलेल्या मांज्यासारखी आणि दुसरी एका सफाईदार वळणाची. शिकणाऱ्याने त्या तारेवरून बोट फिरवायचं आणि ते वळण हातात मुरवायचं. तोवर कारागिराचं कसब त्याच्याबरोबरच जायचं. आपल्याकडेही उस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षं राबल्याशिवाय हात बसत नसे. फ्रँकने ते कसब शरीरापासून वेगळं काढून टेबलावर ठेवलं. व्हर्च्युअल माणसाचा खरा जन्म मला या तारेत दिसतो.

पुढे कामाचे अगदी मूळ तुकडे पाडून त्याने थर्ब्लिग केले. १९२१ साली अमेरिकन मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे प्रोसेस चार्ट मांडला. सबमिशनला आपण जो फ्लो प्रोसेस चार्ट एकमेकांचा बघून 'काढतो', त्याचं मूळ तिथे आहे! कारखाना बदलण्याआधी तो कागदावर चालवून बघायचा, ही प्लॅनिंगची कल्पना त्यामागे होती.

त्याचा कॅमेरा ऑपरेशन थिएटरमध्येही पोचला. सर्जन स्वतःच हत्यारं शोधत बसतो हे पाहून, नर्सने नेमकं हत्यार त्याच्या हातात द्यावं असं त्याने सुचवलं. पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरल्यावर सैन्यात मेजर म्हणून तो ओक्लाहोमातल्या फोर्ट सिलला गेला आणि सैनिकांच्या प्रशिक्षणासाठी फिल्म बनवू लागला. तिथे तो गंभीर आजारी पडला. बरा झाला, पण हृदय कायमचं दुखावलं.

युद्धात हात-पाय गमावलेल्या सैनिकांसाठी या दोघांनी केलेलं काम आज फार कमी जणांना माहीत आहे. एका हाताने टाइप करता येईल का? बसून कुठली कामं करता येतील? काम तुकड्यांत मोडलं की कुठल्या तुकड्याला कुठला अवयव लागतो ते दिसतं. मग तो अवयव नसेल तर तो तुकडा दुसऱ्या अवयवाला द्यायचा किंवा यंत्र बदलायचं. १९२० साली यावर त्यांचं पुस्तक निघालं. अपंग माणसाला कामाजोगं बनवण्याऐवजी काम माणसाजोगं बनवायचं, असा हा उलटा विचार होता.

स्टॉपवॉचशी भांडण

फ्रँक आधी टेलरचा भक्त. पण दोघांचं पुढे फाटलं. टेलरची मंडळी हातात स्टॉपवॉच घेऊन कामगाराच्या मागे उभी राहत. वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्र कारखान्यात १९११ साली याच कारणावरून संप झाला होता. फ्रँकचं म्हणणं, घड्याळ फक्त किती वेळ लागला ते सांगतं. का लागला ते सांगत नाही. वेळ कमी करायच्या मागे लागलात तर माणूस पिळला जाईल. हालचाल सुधारा, वेळ आपोआप कमी होईल. १९१६ साली दांपत्याने थकव्यावर पुस्तक लिहिलं. कामगाराला योग्य उंचीची खुर्ची, मध्ये विश्रांती, पुरेसा उजेड यांचा त्यात आग्रह होता. थकवा कमी करणाऱ्या वस्तूंचं छोटं संग्रहालयही त्यांनी उभारलं.

अर्थात फ्रँक काही संत नव्हता. कारखानदारच त्याचे पैसे देत होते. उत्पादन तिप्पट झालं तर मजुरी तिप्पट झाली का, हा संघटनांचा सवाल त्यालाही ऐकावा लागला आणि तो रास्तच होता. दुसरी अडचण त्याच्या आवडत्या तत्त्वातच होती. प्रत्येक कामाची एकच सर्वोत्तम पद्धत असते, यावर त्याची श्रद्धा होती. पण पाच फुटी बाई आणि सहा फुटी बाप्या यांची सर्वोत्तम पद्धत एकच कशी असेल?

फोन बूथ

१४ जून १९२४. लंडन आणि प्रागच्या परिषदांसाठी फ्रँकला युरोपला निघायचं होतं. न्यू जर्सीतल्या माँटक्लेअर स्टेशनवरून त्याने घरी फोन लावला. लिलियनशी बोलता बोलताच हृदय बंद पडलं. वय अवघं ५५. मागे अकरा मुलं. थोरली अठरा वर्षांची, धाकटी जेमतेम दोन.

काही दिवसांतच लिलियन जहाजावर चढली आणि त्या परिषदांना नवऱ्याच्या जागी जाऊन आली. परतल्यावर पाहते तो जुन्या कंपन्यांना बाई कन्सल्टंट नको होती. तिने घरातच मोशन स्टडीचे वर्ग सुरू केले आणि मुलांना शिकवून मोठं केलं. बायका स्वयंपाकघरात किती वाकतात, किती चालतात याचा अभ्यास केला, ओट्याची योग्य उंची शोधली. १९३५ साली ती पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक झाली आणि १९६५ साली अमेरिकेच्या नॅशनल अॅकॅडमी ऑफ इंजिनिअरिंगवर निवडून आलेली पहिली स्त्री ठरली. २ जानेवारी १९७२ रोजी, ९३ व्या वर्षी ती गेली.

तारेपासून पडद्यापर्यंत

थर्ब्लिगच्या विचारातूनच पुढे १९४८ साली एमटीएम पद्धत पुस्तकरूपाने आली. तिच्यात तासाचे एक लाख भाग करून (एक भाग म्हणजे ०.०३६ सेकंद) पोचणं, पकडणं, फिरवणं अशा प्रत्येक हालचालीला ठरलेला वेळ दिला. १९६० च्या दशकात बोइंग कंपनीत विल्यम फेटरने विमानाच्या कॉकपिटचा अभ्यास करायला कॉम्प्युटरवर माणसाची रेखाकृती काढली. १९८० च्या दशकात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात नॉर्मन बॅडलर यांच्या गटाने 'जॅक' नावाचा कॉम्प्युटरी माणूस घडवला. पुढे तो व्यापारी सॉफ्टवेअर झाला आणि त्याला 'जिल' ही जोडीदारीणही मिळाली.

हा जॅक म्हणजे आतून एक सांगाडा. प्रत्येक सांध्याला किती वळायचं याची मर्यादा असते. हाताचं टोक कुठे न्यायचं ते सांगितलं की कोपर आणि खांदा किती वळतील ते इन्व्हर्स कायनेमॅटिक्स काढतं. वजन उचलायला लावलं की १९९१ चं सुधारित नायॉश समीकरण लावून ते वजन सुरक्षित आहे का ते कळतं. अगदी आदर्श स्थितीतही त्या समीकरणाची मर्यादा २३ किलोच आहे. विमानाच्या पोटात मेकॅनिकचा पाना फिरेल का, हे विमान बनण्याआधीच बघता येतं. डोळ्यांना हेडसेट लावून नवा कामगार खऱ्या मशीनला हात न लावता सराव करू शकतो. तारेवरून बोट फिरवण्याचीच ही पुढची आवृत्ती नाही का?

आणि फ्रँकची चूक या सॉफ्टवेअरने सुधारली आहे. इथे एकच माणूस नसतो. ठेंगणी बाई, मध्यम माणूस आणि धिप्पाड बाप्या, तिघांनाही त्याच मशीनवर उभं करून बघता येतं. अट एकच, मापं आपली हवीत. अमेरिकन सैनिकाच्या मापाने बेतलेलं मशीन आपल्याकडच्या ऑपरेटरला अवघडच जाणार. भारतीय शरीरांच्या मापांचं देबकुमार चक्रवर्ती यांचं पुस्तक अहमदाबादच्या एनआयडीने १९९७ साली काढलं. ते लायब्ररीत नसेल तर मागवून घेण्याजोगं आहे.

पण पडद्यावरचा जॅक घामाघूम होत नाही. नाइट शिफ्टच्या सातव्या तासाला त्याचे डोळे मिटत नाहीत. घरी पोर आजारी असल्याची काळजी त्याला नसते. त्याच्या कमरेवरचा लाल रंग माउसने पुसता येतो, माणसाची कंबर मात्र आयुष्यभर दुखत राहते. आणि तेच सॉफ्टवेअर एखाद्या कामातले फुकटचे पाच सेकंद काढायला वापरता येतं, तसंच माणसाला श्वास घ्यायला मिळणारे पाच सेकंदही काढून घ्यायला वापरता येतं. यातलं काय करायचं ते सॉफ्टवेअर ठरवत नाही. माउस ज्याच्या हातात आहे तो ठरवतो.

मित्रांनो, उद्या आपल्यापैकी बरेच जण त्या माउसमागे बसणार आहेत. आपण आखलेल्या लाइनवर उभं राहणाऱ्या माणसाचं नावही आपल्याला कदाचित कळणार नाही. तेव्हा सतरा वर्षांच्या त्या पोराची आठवण ठेवा. त्याला गवंड्याची कंबर आधी दिसली, विटांचा आकडा मागाहून आला. हा क्रम आपण चुकवला नाही, तर इंजिनिअर म्हणवून घेण्यात अर्थ आहे!